आधी हात कुणी घातला?

लुबाकीकडे गिटार घेऊन गेलं की तो आधी गिटारीकडे बघतच नसे. आधी तो गिऱ्हाइकाकडे बघे, चष्मा कपाळावर सरकवी आणि विचारी, "याच्यात आधी हात कुणी घातला होता?"

उत्तर काय येतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आमच्या न्गिरी-न्गिरी वस्तीतला कुठलाही कारागीर, मग तो रेडिओवाला असो, फ्रिजवाला असो की मोटरसायकलवाला, हेच विचारतो. समोर आलेल्या वस्तूत कुठल्यातरी गाढवानं आधीच घाण करून ठेवली आहे आणि ती निस्तरायलाच आपला जन्म झाला आहे, अशी प्रत्येकाची पक्की समजूत असते. त्यात सोयही मोठी असते. काम जमलं तर आपण त्या गाढवापेक्षा शहाणे, आणि बिघडलं तर गाढव आहेच. लुबाकीची बायको, ममा न्झुम्बा, दारातच मासे तळून विकायची. ती बायकांना सांगायची, "आमची माकिएसे जन्मली तेव्हा हे दवाखान्यात आले. मला धास्ती, आता नर्सलाही हेच विचारतात की काय!" बायका तेलाच्या कढईवर वाकून हसायच्या, आणि लुबाकी अव्होकाडोच्या झाडाखाली बसून ऐकलं न ऐकल्यासारखं करायचा.

माणूस चांगला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याच्याबद्दल भलतंच मत कराल. मूळचा सुतार. तरुणपणी शवपेट्या करायचा, पण पेटीतलं गिऱ्हाईक कधी कौतुक करत नाही म्हणून गिटारींकडे वळला. गावात तारा मिळत नव्हत्या त्या काळात ब्रेकच्या वायरीचे पदर सोडवून तारा चढवायचा. चर्चमधल्या पोरींच्या गिटारी फुकट दुरुस्त करायचा. एकच खोड होती, ती म्हणजे नाक. आपल्या हातून चूक होते हे त्याला मान्यच नव्हतं, आणि इतकी वर्षं खरोखरच फारशी झालीही नव्हती, त्यामुळे चूक कबूल करण्याची सवयच त्याला लागली नाही. सवय नसलेली गोष्ट ऐन वेळी कुठून येणार?

त्या कोरड्या हंगामात पापा बोसेंगे बास घेऊन आला. बोसेंगे लुबाकीपेक्षा बराच मोठा, नदीच्या वरच्या अंगाचा, उंच आणि मऊ बोलणारा. म्हाताऱ्यांच्या ऑर्केस्ट्रात तो बास वाजवायचा. ऑर्केस्ट्राचं खरं नाव लांबलचक आहे आणि त्यात देशाचं, एकीचं, भविष्याचं सगळं काही येतं, पण लोक आपलं 'म्हातारे' म्हणतात. दर रविवारी दुपारी बांडाल वस्तीतल्या एका बारच्या अंगणात म्हातारे वाजवतात, आणि ज्यांनी त्या गाण्यांवर लग्नं जमवली ती माणसं आता गुडघे सांभाळत नाचतात.

"मान वाकलीय रे," बोसेंगे म्हणाला. "तारा अशा वर उभ्या राहिल्यात की दाबून दाबून बोटं सुजली. आणि दाबलं नाही तर खरखर."

लुबाकीनं एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. मान खरंच पुढे झुकली होती. बासच्या मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते. जाड तारा मानेला पुढे ओढतात, सळई तिला मागे धरून ठेवते. सळईच्या टोकाशी, वरच्या बाजूला, एका झाकणाखाली एक नट असतो, त्याला षटकोनी भोक असतं. त्यात चावी घालून किंचित पिळलं की मान सरळ होते. हे एवढंच काम होतं.

"बस जरा. आत्ता करून देतो," लुबाकी म्हणाला.

"मी समोरून चिक्वांग घेऊन येतो. सकाळपासून पोटात काही नाही," म्हणून बोसेंगे कसाव्याच्या कंदाची ती पानात उकडलेली भाकर आणायला रस्ता ओलांडून गेला.

आता गोष्ट अशी, की तो बास होता इंचांच्या मापाचा आणि आपल्याकडच्या चाव्या सगळ्या मोटरसायकलच्या. एक चावी आत शिरत नाही, तिच्या खालची सैल बसते. लुबाकीनं अशा बासांसाठी एक चावी कानशीनं घासून बरोबर मापाची केलेली होती. पण ती पेटीच्या तळाशी होती, पेटीवर एका गिटारीचं पोट वाळत ठेवलं होतं, आणि ते उचलायचा त्याला कंटाळा आला. सगळ्या पापाचं मूळ एवढंच. त्यानं सैल चावी घेतली, दूधपावडरीच्या पिवळ्या डब्याचा पत्र्याचा तुकडा तिच्याभोवती गुंडाळला, आणि नटात घालून पिळली.

पहिल्यांदा ती धरली. मग त्यानं जोर लावला आणि करकन आवाज झाला. चावी हातात नुसतीच फिरली. त्यानं वाकून आत बघितलं. षटकोनाचे कोपरे गेले होते. भोक गोल झालं होतं, आणि गोल भोकाला कुठलीच चावी धरत नाही.

आधी त्यानं इकडेतिकडे बघितलं. ममा न्झुम्बा एका गिऱ्हाइकाशी भांडत होती. कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं झाकण परत बसवलं, चावी पेटीत टाकली, आणि मनाशी ठरवलं, की बोसेंगे आला की सांगायचं. दादा, चावी घसरली, माझी चूक, मी नवा नट करून देतो. तीनच तर वाक्यं होती. हे त्यानं खरोखर ठरवलं होतं, आणि हे मी त्याच्या बाजूनं सांगतोय.

बोसेंगे आला. तोंडात चिक्वांगचा तुकडा, हातात उरलेला पानात गुंडाळलेला. "झालं?"

लुबाकीनं तोंड उघडलं, आणि तोंडानं इतक्या वर्षांची सवय पाळली. "याच्यात आधी हात कुणी घातला होता?"

बोसेंगे चावायचा थांबला.

"मीच रे," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम पडला. "मागच्या साली, सासऱ्याच्या दुखवट्याच्या मांडवात वाजवत होतो. अशीच खरखर. एका मोटरसायकलवाल्याकडून चावी मागून घेतली आणि पिळलं. किंचितच पिळलं रे. पण घातला हात. बिघडलाय का?"

लुबाकी त्याच्याकडे बघत राहिला. ती वेळ होती. तेव्हा तो म्हणाला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मला सांगायची गरजही पडली नसती.

"नट झिजलाय," लुबाकी म्हणाला. "हं."

ते 'हं' फार वाईट. खोटं म्हणावं तर पुरतं खोटंही नाही. म्हाताऱ्यानं स्वतःच्या गळ्यात फास अडकवला आणि लुबाकीनं नुसती गाठ नीट बसली आहे ना ते पाहिलं.

बोसेंगेनं पुढे जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. म्हाताऱ्यांच्या ऑर्केस्ट्रात वाद्यं वाजवणाऱ्यांची नसतात, प्रेसिडेंटची असतात. ड्रमच्या काठीपासून अॅम्प्लिफायरपर्यंत सगळं प्रेसिडेंट मालांडाचं. वाजवणाऱ्याचे फक्त हात. त्यामुळे वाद्य बिघडलं की सगळे आधी हात झटकतात: मी नाही, हवामानानं झालं, विजेनं झालं, शेजाऱ्यानं केलं. बोसेंगे सरळ मालांडाकडे गेला, टोपी काढली आणि म्हणाला, "प्रेसिडेंट, बासचा नट माझ्या हातून गेला."

मालांडाचा मेहुणा बास वाजवायचा. बऱ्यापैकी वाजवायचा आणि त्याच्याकडे पांढरे बूट होते. गेले कित्येक महिने तो रविवारी पहिल्या टेबलावर बसून बोसेंगेच्या बोटांकडे बघत असायचा, जशी मांजर ओट्याकडे बघते.

"मातादीला लग्नात वाजवायला जायचंय आपल्याला," मालांडा म्हणाला. "तोवर बास नीट झाला तर तू वाजवशील. नाही झाला तर मला दुसरा विचार करावा लागेल, पापा. तू आता थकलास. हात जड झालेत."

हे सगळं बोसेंगेनंच येऊन लुबाकीला सांगितलं, हसत हसत, जणू दुसऱ्या कुणाची गंमत सांगतोय. मग म्हणाला, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

त्या दिवशी लुबाकी जेवायला बसला आणि ताटातल्या पोंडूत, कसाव्याच्या पाल्याच्या भाजीत, नुसताच हात फिरवत राहिला; मधेच लक्ष नसताना माशाचा तुकडा तोंडात टाकला.

"काय झालंय?" ममा न्झुम्बानं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणणारा माणूस मासा काट्यासकट खात नाही, माकिएसेचे बाबा."

त्यानं तोंडातला काटा काढला. "काम अवघड आहे," तो म्हणाला. तेही खरं होतं. त्या दिवसांत तो खऱ्याचे असे तुकडे तोडून तोडून वापरत होता.

आणि काम त्यानं केलं, ते मात्र बघण्यासारखं केलं. तारा उतरवल्या. मान एका फळीवर पालथी बांधली, टायरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी दोन टोकं आवळली आणि मधे पाचर सरकवत सरकवत मान उलटी वाकवली, म्हणजे सळईवरचा ताण उतरावा. ताण असलेला नट ओढून काढायला गेलं तर सळईच तुटते, आणि सळई तुटली की मान सरपणात जाते. एका जुन्या कानशीची मागची टोकदार शेपटी त्यानं घासून नटाच्या गोल झालेल्या भोकात बसवली, हातोडीनं हलकं हलकं ठोकली आणि पोटाशी धरून फिरवली. दुपारभर तो तेल सोडायचा, थांबायचा, परत फिरवायचा. शेवटी नट हलला. लुबाकीच्या तोंडून असा हुंदका आला की ममा न्झुम्बा कढई सोडून धावत आली.

नवा नट त्यानं कासा-वुबू भागातल्या एका लेथवाल्याकडून करून घेतला. मोटरसायकलच्या एका षटकोनी भोकाच्या बोल्टचं डोकं कापलं, बाहेरून घासून बारीक केलं, मागून आत आटे पाडले. पहिला नट सळईवर सैल बसला. मोटरसायकलचे आटे आणि या सळईचे आटे जवळजवळ सारखे असतात, जवळजवळच. तसाच बसवला असता तरी वर्षभर कुणाला कळलं नसतं, आणि एरवी लुबाकीनं बसवलाही असता. या वेळी त्यानं तो लेथवाल्याच्या पुढ्यात टाकला. "परत कर."

"एवढं कुणाचं काम आहे? मंत्र्याचं?" लेथवाला म्हणाला.

"तुला काय करायचंय? परत कर."

दुसरा नट बसला तो असा, की आटा आट्याला ओळखून बसावा. खाली पितळेची चकती, वर चिमूटभर ग्रीस. तारा चढवल्या, मान हळूहळू ओढत आणली, आणि एक डोळा मिटून पाहिलं तेव्हा ती सुतासारखी सरळ होती. बोसेंगेनं बास मांडीवर घेतला, सगळ्यात खालची तार छेडली, आणि त्याचे डोळे भरून आले.

"किती द्यायचे?"

"काही नको."

"असं कसं? लेथवाल्याचे तरी घे."

"नको म्हटलं ना!" लुबाकी खेकसला. त्याला म्हाताऱ्याकडे बघवत नव्हतं. आणि बोसेंगेला वाटलं, केवढा हा मनाचा मोठेपणा, वर पुन्हा रागावून लपवतो. तो काही न बोलता बास खांद्याला लावून गेला. जाताना काय ठरवून गेला ते लुबाकीला रविवारी कळलं.

आमच्याकडे गाण्यात दगड फेकतात. लिबांगा म्हणजे दगड. गाणं रंगात आलं की गायक मधेच कुणाचं तरी नाव फेकतो, एखाद्या व्यापाऱ्याचं, साहेबाचं, सगळ्यांना बिअर पाजणाऱ्या एखाद्या पाहुण्याचं, आणि ज्याचं नाव तो उठून उभा राहतो, छाती फुगवतो, गायकाच्या कपाळाला नोट चिकटवतो. गरिबाच्या नावाचा दगड कुणी फेकत नाही. झाडाखाली बसून गिटारी दुरुस्त करणाऱ्याच्या नावाचा तर नाहीच.

त्या रविवारी बोसेंगेनं आग्रहानं लुबाकीला आणि ममा न्झुम्बाला बोलावलं होतं. ममा न्झुम्बा ठेवणीतलं कापड नेसून आली होती. लुबाकी मागच्या खुर्चीत, भिंतीला टेकून. बास अंगणभर घुमत होता, गोल, खोल, कुठे खरखर नाही. गाण्याचा वेग वाढला, माणसं उठली, आणि एकांगा नावाच्या गायकानं हात वर केला.

"बोसेंगेनं मोडलं..." तो ओरडला आणि थांबला. "लुबाकीनं जोडलं!"

आधी कुणाला काही कळलं नाही. मग बोसेंगेनं बास वाजवता वाजवता स्वतःकडे बोट दाखवलं, मान खाली घालून कान पकडल्यासारखं केलं, आणि मागच्या खुर्चीकडे हात केला. हास्याचा स्फोट झाला. एकांगानं पुन्हा टाकलं, "बोसेंगेनं मोडलं!" आणि सगळं अंगण उलट ओरडलं, "लुबाकीनं जोडलं!" माणसं वळून बघायला लागली. ममा न्झुम्बा नवऱ्याला कोपरानं ढोसत होती, "उठा! उठा ना, नाव फेकलंय तुमचं!"

लुबाकी उठला. उठावंच लागतं. टाळ्या पडत होत्या, कुणीतरी हातात बिअरची बाटली दिली, आणि समोर तो म्हातारा कृतज्ञतेनं त्याच्याकडे बघत हसत होता. लुबाकीला वाटलं, आत्ता जमीन फाटेल तर बरं. पण अंगण सिमेंटचं होतं.

पुढच्या रविवारी लोकांनी तो दगड मागून घेतला. कुणीतरी फोनवर चित्रण केलं आणि ते गावभर फिरलं. मोटरसायकलवाले जाता जाता ओरडायला लागले. बाजारात पाव विकणारी ओरडायची. एखाद्याचं लग्न मोडून परत जमलं तरी लोक म्हणायचे, बोसेंगेनं मोडलं, लुबाकीनं जोडलं. लुबाकीच्या झाडाखाली गिटारींची रांग लागली. नवं गिऱ्हाईक आलं की तो चष्मा कपाळावर सरकवायचा, तोंड उघडायचा, आणि मिटून घ्यायचा. ते नेहमीचं वाक्य आता त्याच्या घशाबाहेर येईना.

मग एका दुपारी बोसेंगे आला, आणि त्याच्याजवळ बास नव्हता.

"मातादीला मी नाही जात," तो स्टुलावर बसत म्हणाला.

"का? बास तर नीट झालाय!"

"बास नीट आहे. प्रेसिडेंट म्हणतो, ज्यानं मोडलं असं अख्खं गाव ओरडतं, त्याच्या हातात परगावी वाद्य कसं देऊ? लग्नवाले हसतील. मेहुण्याला नेतोय." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्याचंही खरं आहे. मीच ते एकांगाला सांगितलं होतं गायला. तुझं नाव व्हावं म्हणून."

लुबाकीनं विचारलं, "आणि मातादीनंतर?"

"नंतरही तोच. एकदा खुर्ची गेली की गेली." बोसेंगेनं आपले दोन्ही हात पुढे केले, पालथे केले, उलटे केले. लांब, काळी, टोकाला निबर झालेली बोटं. "लुबाकी, तू यातला डॉक्टर आहेस. खरं सांग. जड झालेत का रे? त्या मांडवात मी किंचितच पिळलं होतं, मला आठवतं तसं. पण नट तर गेला. म्हणजे किती जोर लावला ते मला कळलंच नसणार. हल्ली बायको चहाचा कप देते, तर मी दोन्ही हातांनी धरतो. वाजवतानाही दाबायला भीती वाटते. या हातांवर माझा भरवसा नाही राहिला."

लुबाकीनं ते हात आपल्या हातात घेतले. बोटं दाबून पाहिली, जशी मान तपासतो तशी. म्हाताऱ्याचे हात चांगले होते. पक्के, गरम, कापरं सुद्धा नाही. तो तरीही बोलला नाही. "चांगले आहेत," एवढंच पुटपुटला, आणि बोसेंगेनं ते सांत्वन समजून घेतलं, उठला आणि गेला.

तो गेल्यावर लुबाकी कढईपाशी जाऊन उभा राहिला. "नट त्यानं नाही घालवला," तो बायकोला म्हणाला. "मी घालवला. सैल चावीनं. तो चिक्वांग आणायला गेला होता तेव्हा."

ममा न्झुम्बानं झारा तेलातून बाहेर काढला. तिच्या डोळ्यांसमोर ते ठेवणीतलं कापड असावं.

"मग मला का सांगताय?" ती म्हणाली. "मी बास वाजवते का?"

दुसऱ्या दिवशी लुबाकी म्हाताऱ्यांच्या तालमीला गेला. अंगणात सगळे होते. मालांडा पंख्यासमोर, एकांगा, ड्रमवाला, बास गळ्यात घालून मेहुणा. बोसेंगे एका बाजूला बाकावर बसला होता, कारण तालमीला यायची सवय सुटत नाही.

"अरे, डॉक्टर!" एकांगा ओरडला. "बोसेंगेनं मोडलं..."

"मी मोडलं," लुबाकी म्हणाला.

सगळे हसले. त्यानं पुन्हा सांगितलं. सगळे पुन्हा हसले, मेहुणा सगळ्यात जास्त. मालांडानं उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मित्रासाठी तू खोटं बोलायला आलास, मानलं तुला! असे दोस्त हल्ली मिळत नाहीत. पण बोसेंगेनं स्वतः कबूल केलंय, तुझ्या आधी. या प्रश्नावर आता बोलू नकोस."

लुबाकीला हे माहीतच नव्हतं, की खरं बोलायला आल्यावरही माणसाला ते विकावं लागतं. त्यानं खिशातून जुना नट काढला आणि मालांडाच्या तळहातावर ठेवला. मग ती सैल चावी ठेवली. "तुम्ही ट्रक दुरुस्त करायचात ना, प्रेसिडेंट? बघा त्या भोकात."

मालांडानं नट उजेडाकडे धरला. गोल झालेल्या भोकाच्या तळाशी पत्र्याचा कपटा चेंगरून बसला होता, आणि त्या कपट्यावर पिवळा रंग होता. चावीभोवती अजून तोच पिवळा पत्रा गुंडाळलेला.

"बोसेंगेनं मांडवात मोटरसायकलवाल्याची नुसती चावी घातली होती," लुबाकी म्हणाला. "त्यानं काही झालं नव्हतं. बरोबर मापाची चावी माझ्या पेटीत होती. काढायचा कंटाळा केला. नट माझ्या हातून गेला, आणि मी त्याला विचारलं, आधी हात कुणी घातला होता. सगळ्यांना विचारतो तसं. तो बिचारा मीच म्हणाला, आणि मी गप्प बसलो. दगड फेकला तेव्हाही गप्प बसलो. काल तो हात दाखवायला आला तेव्हाही." त्यानं बाकाकडे बोट केलं. "त्याचे हात चांगले आहेत. माझ्यापेक्षा तर शंभरपट चांगले आहेत."

मालांडा नटाकडे बघत होता. मेहुण्याकडे बघायचं त्यानं टाळलं. मग त्यानं बास मेहुण्याच्या गळ्यातून स्वतः उतरवून घेतला आणि बाकाशी नेला. "पापा बोसेंगे, मातादीची तयारी करा," तो म्हणाला.

एकांगानं डोकं खाजवलं. "मग आता काय फेकू? लुबाकीनं मोडलं, लुबाकीनं जोडलं?"

कुणी हसलं नाही.

"काही फेकू नकोस," बोसेंगे म्हणाला. त्यानं बास बाकावरच ठेवला आणि उठला. लुबाकीला घेऊन तो फाटकापर्यंत चालत आला. लुबाकीला वाटलं, आता तो मारणार, आणि मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी मी चिक्वांग घेऊन आलो," बोसेंगे हळू म्हणाला, "तेव्हाच म्हणाला असतास, दादा, चावी घसरली, तर मी काय केलं असतं? तुझ्या नावानं शंख केला असता. दोन शिव्या घातल्या असत्या. मग चिक्वांगचा अर्धा तुकडा तुला दिला असता आणि म्हटलं असतं, कर बाबा लवकर नीट. एवढंच झालं असतं रे."

"माहीत आहे," लुबाकी म्हणाला.

"मी घरी हातांना शिव्या देत होतो. बायकोला म्हटलं, बास वाजवणं संपलं, आता कोंबड्या पाळतो. ती रडली."

"दादा, मला माफ कर."

बोसेंगेनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, आणि लुबाकीला ज्याची आशा होती तसंही नाही. "मला तालीम आहे," तो म्हणाला आणि आत वळला.

थोड्या वेळानं आतून बास सुरू झाला. आधी घाबरत, मग मोठा, मग असा दाबून, की भिंत थरथरावी. मान सरळ होती, तार कुठेही खरखरत नव्हती. लुबाकी फाटकाबाहेर उभा राहून ऐकत होता. आतून त्याला कुणी बोलावलं नाही.